नकाशातून गाळायचे काय आणि गाळायचे कोणी?

महाराष्ट्राला किती लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे? कोणाही शाळकरी मुलाला हा प्रश्न विचारला, तर तो क्षणाचाही विचार न करता '७२० किलोमीटर' असे उत्तर देईल. कारण भूगोलाच्या पुस्तकांतून हाच आकडा पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत आला आहे. केंद्र सरकारच्या जुन्या कोष्टकात मात्र हीच लांबी ६५२.६ कि.मी. होती. आणि केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात ती ८७७.९७ कि.मी. झाली आहे! साऱ्या भारताचा किनारा ७,५१६.६ वरून ११,०९८.८१ कि.मी.वर गेला, म्हणजे जवळजवळ निम्म्याने वाढला.

मधल्या काळात समुद्राने कोणाला जमीन परत केली नाही. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारा होता तेथेच आहे. बदलला तो नकाशा. जुनी लांबी १९७० च्या दशकात १:४५,००,००० प्रमाणाच्या नकाशावरून काढलेली होती. नवी १:२,५०,००० प्रमाणाच्या नकाशावरून काढली आहे. आता साधा हिशेब करून पाहा. जुन्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ ओढली, तर ती जमिनीवरील सव्वादोन किलोमीटर रुंदी व्यापते. बाणकोट काय, दाभोळ काय, अशा खाड्यांची आत शिरणारी वळणे त्या रेघेच्या जाडीतच गडप होतात. नव्या नकाशावर तीच रेघ १२५ मीटर व्यापते. साहजिकच खाड्या दिसू लागतात आणि लांबी वाढते. लुईस फ्राय रिचर्डसन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने हे कोडे पूर्वीच मांडले होते. बेनुआ मँडेलब्रॉट ह्यांनी १९६७ साली 'सायन्स' ह्या नियतकालिकात ब्रिटनच्या किनाऱ्याविषयी लेख लिहून ते जगापुढे आणले. मोजपट्टी जितकी बारीक, तितका किनारा लांब. ह्याला अंतच नाही.

ह्यावरून कोणी म्हणेल, 'मग खरा आकडा कोणता?' परंतु प्रश्नच चुकीचा आहे. विचारायला हवे ते असे की, ह्या आकड्यासाठी काय काय गाळले गेले? कारण नकाशा म्हणजे मुळात एक गाळणी आहे. जमिनीवर असते ते सारे कागदावर मावत नाही, म्हणून काही ठेवायचे आणि काही सोडायचे. भूगोलाच्या भाषेत ह्याला 'सामान्यीकरण' म्हणतात. आजवर हे काम नकाशाकाराचा हात करीत होता. आता ते संगणक करतो. ह्या बदलाकडे आपण, विशेषतः कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी, डोळसपणे पाहिले पाहिजे, एवढेच ह्या लेखाचे प्रयोजन.

प्रथम हाताचे काम कसे चाले ते पाहू. मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाट कोणी पाहिला नाही? डोंगराच्या एका अंगाने रस्ता, दुसरीकडे लोहमार्ग, मध्ये दऱ्या. बृहत्प्रमाण नकाशावर हे सगळे जागच्या जागी दाखवता येते. तोच घाट १:१०,००,००० प्रमाणाच्या नकाशावर आणायचा झाला, तर रस्ता आणि लोहमार्ग एकमेकांवर चढतात. मग नकाशाकार काय करी? दोघांना थोडे थोडे बाजूला सारी. म्हणजे जागा चुकवी, पण 'येथे दोन वाटा शेजारीशेजारी आहेत' हे सत्य राखी. घाटातील सगळी वळणे दाखवता येत नाहीत म्हणून दोन-तीनच ठेवी. पण ती मुद्दाम ठसठशीत काढी. प्रवाशाने नकाशा पाहिला की येथे घाट आहे, गाडी जपून हाकली पाहिजे, हे त्याला कळावे. थोडक्यात, खरे सांगण्यासाठी तो किंचित खोटे बोले. हा अधिकार त्याला कोठून मिळाला? त्या मुलखाच्या ज्ञानातून.

आता संगणकाची रीत पाहू. संगणकाला नदी म्हणजे नदी नव्हे. हजारो ठिपक्यांची एक माळ. त्यातील कोणते ठिपके ठेवायचे हे ठरवण्याची जी रीत जगभर सर्वाधिक वापरली जाते, ती कॅनडातील डेव्हिड डग्लस व थॉमस पॉयकर ह्यांनी १९७३ साली प्रसिद्ध केली. ती समजायला गणित लागत नाही. गवंड्याची सुतळी डोळ्यांपुढे आणली म्हणजे पुरे. त्र्यंबकेश्वरापासून नाशिकपर्यंतची गोदावरी घ्या. दोन टोकांना खुंट्या ठोकून त्यांत सुतळी ताणा. ह्या सुतळीपासून नदीचे कोणते वळण सर्वांत दूर पडते ते पाहा. ते अंतर आपण ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर त्या वळणावर तिसरी खुंटी ठोका आणि सुतळी तिच्यावरून घ्या. आता सुतळीचे दोन तुकडे झाले. प्रत्येकासाठी पुन्हा तेच करा. ज्या तुकड्यात कोणतेच वळण मर्यादेबाहेर जात नाही, तेथील मधले सगळे ठिपके पुसून टाका. ही मर्यादा म्हणजेच 'सूट'. सूट मोठी दिली की नदी सरळ होत जाते. लहान ठेवली की वळणे टिकतात.

दुसरी प्रसिद्ध रीत इंग्लंडमधील हल विद्यापीठाच्या महेश्वरी विश्वलिंगम व त्यांचे सहकारी व्हायट ह्यांनी १९९३ साली मांडली. तीत अंतराऐवजी क्षेत्रफळ पाहतात. प्रत्येक ठिपका आणि त्याचे दोन्ही शेजारी मिळून एक त्रिकोण होतो. ज्या ठिपक्याचा त्रिकोण सर्वांत लहान, तो आधी जातो. मग शेजाऱ्यांचे त्रिकोण नव्याने मोजतात आणि पुन्हा सर्वांत लहान काढतात. अशा रीतीने हवे तितकेच ठिपके उरेपर्यंत चाळणी चालू राहते. ह्या रीतीने उरलेली रेषा बहुधा डोळ्याला अधिक नैसर्गिक दिसते.

ह्या दोन्ही रीती बुद्धिमान आहेत, यात शंका नाही. हाताने महिनोन्‌महिने चालणारे काम त्या काही क्षणांत करतात, आणि कधी थकत नाहीत. नेदरलँड्सच्या कडास्टर ह्या सरकारी संस्थेने तर २०१३ पासून १:१०,००० च्या माहितीवरून १:५०,००० चे नकाशे पूर्णपणे यंत्राने तयार करण्यास प्रारंभ केला. तेव्हा 'यंत्र नको, हातच बरा' असे रडगाणे गाण्यात अर्थ नाही. माझा आक्षेप यंत्रावर नाही. आक्षेप आहे तो यंत्राला जे कळत नाही, ते त्याला कळते असे आपण गृहीत धरतो ह्यावर.

एक उदाहरण देतो. रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेकडे वळते. दक्षिणवाहिनी झालेल्या ह्या प्रवाहाला भाविकांच्या लेखी केवढे माहात्म्य आहे, हे नाशिककरांना सांगायला नको. पंचवटी आणि जुने नाशिक ह्यांची सारी मांडणी, घाट, देवळे, सिंहस्थाची गर्दी ह्या वळणाभोवती आहे. परंतु सुतळीच्या हिशेबात ते वळण काही शेकडा मीटरांचे. राज्याचा नकाशा काढताना ते पुसले जाते आणि कोठल्याशा ओसाड माळावरचे, कोणालाही ठाऊक नसलेले एखादे मोठे वळण मात्र राहते. यंत्राने चूक केली का? मुळीच नाही. त्याला जे सांगितले ते त्याने चोख केले. त्याला मोठे-लहान कळते. महत्त्वाचे-बिनमहत्त्वाचे कळत नाही.

जी गोष्ट रेषांची, तीच ठिपक्यांची. नकाशा लहान करताना किती गोष्टी ठेवाव्यात, ह्यासाठी जर्मन नकाशातज्ज्ञ ट्योप्फर ह्यांनी वर्गमुळाचा एक सोपा नियम सांगितला आहे. १:५०,००० च्या नकाशावर १०० गावे असतील, तर १:२,५०,००० च्या नकाशावर सुमारे ४५ ठेवावीत; १:१०,००,००० च्या नकाशावर सुमारे २२. नियम उपयोगी आहे. पण बारकाईने पाहा: तो किती ठेवायची हे सांगतो, कोणती ठेवायची हे सांगत नाही. १०० पैकी जी ५५ गेली ती कोणती? लोकसंख्येने लहान असलेली? रस्त्यापासून दूर असलेली? की ज्यांचे नाव लांब असल्यामुळे छापायला जागा पुरत नव्हती ती?

सातमाळा डोंगररांगेचे पाहा. उंची हाच निकष लावून त्या रांगेतील एकच शिखर ठेवायचे म्हटले, तर धोडप राहील आणि सप्तशृंग गड जाईल. कारण धोडप अधिक उंच आहे. गिर्यारोहकाला ते मान्य होईल. पण चैत्रात पायी वणीची वाट धरणाऱ्या लक्षावधी लोकांच्या दृष्टीने तो नकाशा निरर्थक ठरेल. दोन्ही निकष आपापल्या जागी बरोबर आहेत. म्हणूनच निकष कोणता लावला हे सांगणे भाग आहे, आणि तो कोणासाठी लावला हेही.

येथवरचे विवेचन वाचून कोणी म्हणेल, 'हा नकाशाकारांच्या घरातला वाद. आपल्याला त्याचे काय?' तेव्हा आता सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी ह्या तालुक्यांकडे वळू. ह्या भागात गाव म्हणजे एका जागी दाटीने वसलेली घरे नव्हेत. एक महसुली गाव आणि त्याचे डोंगरउतारावर विखुरलेले पाडे, अशी तेथील वस्तीची ठेवण असते. जनगणनेत आकडे निघतात ते महसुली गावाचे. पाड्याला तेथे स्वतंत्र अस्तित्व नाही. संगणकातील नकाशावर गावाची हद्द एक बहुभुजाकृती होते आणि नकाशा लहान केला की त्या आकृतीच्या जागी एक ठिपका येतो. हा ठिपका कोठे पडतो? पुष्कळदा आकृतीच्या मध्यबिंदूवर. मग तेथे घरे असोत की रान असो. पाडे ठिपक्यात विरून जातात.

आता ह्या ठिपक्यावरून कोणी योजना आखू लागला तर काय होईल, ह्याची कल्पना करा. शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा मुलाच्या वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत हवी. शाळा ठिपक्याजवळ आहे, म्हणून गावाची सोय झाली असे नकाशा म्हणेल. पण जो पाडा ओढ्यापलीकडे तीन किलोमीटरवर आहे, त्या पाड्यावरील सहा वर्षांच्या मुलीचे काय? शिवाय तो ओढाही लहान म्हणून नकाशातून गेलेला असेल, तर पावसाळ्यात वाट बंद होते हे तालुक्याच्या कचेरीत बसलेल्याला दिसणार कसे? उन्हाळ्यात टँकर ठिपक्यापर्यंत येतो. हंडा घेऊन पुढची चढण चढते ती पाड्यावरची बाई. जे नकाशावर नाही ते फायलीतही नसते, आणि जे फायलीत नसते त्याला पैसा मंजूर होत नाही.

ह्याच्या उलट एक चांगले उदाहरणही आहे. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने महसुली गाव न धरता वस्ती हा घटक धरला. सपाट प्रदेशात ५०० व डोंगराळ आणि आदिवासी भागात २५० लोकवस्ती ही मर्यादा ठेवली. इतकेच नव्हे, तर सपाटीवर ५०० मीटरच्या आतील आणि डोंगरात दीड किलोमीटर वाटेच्या आतील वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरावी, असे मार्गदर्शक तत्त्वांत नमूद केले. नकाशाशास्त्राच्या भाषेत हे सामान्यीकरणच झाले: जवळचे ठिपके एकत्र करणे. परंतु दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली अशी की, डोंगरासाठी वेगळे माप लावले. सुतळी सर्वत्र एकसारखी ताणली नाही. दुसरी अशी की, नियम लिहून जाहीर केला. जाहीर केला म्हणूनच एखाद्या पाड्यावरचा कार्यकर्ता उठून म्हणू शकतो, 'आमच्या दोन वस्त्या मिळून २६० माणसे होतात, आम्हांला रस्ता द्या.' लिहिलेल्या नियमाशी भांडता येते. संगणकाच्या पोटात दडलेल्या सुटीशी कोण भांडणार?

सह्याद्रीच्या प्रश्नाचे घ्या. माधव गाडगीळ ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली पश्चिम घाटाचा अहवाल दिला, तेव्हा अक्षांश-रेखांशांची पाच-पाच मिनिटांची चौकट घेतली होती. अशी एक चौकट सुमारे ९ किलोमीटर लांब व तितकीच रुंद असते. आणि शेवटी १४२ तालुक्यांची वर्गवारी केली होती. पुढे कस्तुरीरंगन ह्यांच्या कार्यगटाने २०१३ साली उपग्रहाची २४ मीटर तपशिलाची चित्रे वापरली आणि गाव हा घटक धरला. ज्या गावात संवेदनशील क्षेत्र २० टक्के वा अधिक, ते सबंध गाव यादीत आले. जुलै २०२४ च्या मसुदा अधिसूचनेत एकूण ५६,८२५.७ चौरस किलोमीटर क्षेत्र होते. त्यांपैकी १७,३४० महाराष्ट्रात. ह्या अहवालांवर गावोगाव केवढे वादळ उठले हे सर्वश्रुत आहे. कोणाची बाजू बरोबर ह्यात मी येथे शिरत नाही. पण वादाचे एक मूळ ह्या घटकांच्या निवडीत आहे, हे मात्र म्हणावेसे वाटते. १९ टक्के जंगलाचे गाव पूर्ण बाहेर आणि २१ टक्क्यांचे गाव, त्यातील भातखाचरांसह आणि पाड्यांसह, पूर्ण आत. सह्याद्रीला ना तालुक्याची सीमा ठाऊक, ना चौकटीची. जंगल हळूहळू विरळ होत शेतात मिसळते. नकाशाला मात्र एक रेघ ओढावीच लागते. ती कोणत्या नियमाने ओढली हे गावकऱ्यांना त्यांच्या भाषेत अगोदर समजावून सांगितले असते, तर संशयाला जागा थोडी कमी राहिली असती.

शहरवासीयांनीही आपण सुरक्षित आहोत असे मानू नये. सप्टेंबर २००८ च्या महापुराने नाशिकला हादरवले आणि त्यानंतर शहरातील पूररेषांचा प्रश्न ऐरणीवर आला. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र, निळ्या आणि लाल रेषांच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र. ह्या रेषा संगणकात साठवल्या, नकाशा जलद उघडावा म्हणून कोणी त्यांना दहा मीटरची सूट दिली, तर रेषा इकडे वा तिकडे दहा मीटरपर्यंत सरकू शकते. जुन्या नाशकात दहा मीटर म्हणजे अख्खा वाडा! एका घराला परवानगी, शेजारच्या घराला नकार, आणि कारण काय, तर एक ठिपका सुटीच्या मर्यादेत बसला. दाखवण्यासाठी सोपी केलेली रेषा निवाडा देण्यासाठी वापरणे हा सरळसरळ अन्याय होय.

हे निष्काळजीपणे होऊ शकते, ह्याचे प्रत्यंतर कोणालाही घेता येईल. क्यूजीआयएस हे मोफत मिळणारे नकाशाचे सॉफ्टवेअर उघडा. त्यात रेषा सोपी करण्याची सोय आहे आणि सुटीच्या रकान्यात '१' हा आकडा आधीच लिहिलेला असतो. नकाशा मीटरमध्ये असेल तर ही सूट एक मीटरची. नकाशा अंशांत असेल तर तीच सूट एका अंशाची, म्हणजे सुमारे १११ किलोमीटरची! एवढ्या सुटीत नाशिक जिल्ह्याची हद्द ओळखू येणार नाही अशी होते. इतकी मोठी चूक निदान डोळ्याला दिसते. पण शंभर-दोनशे मीटरची चूक डोळ्याला दिसत नाही. ती कोणाच्या तरी बांधावर जाऊन पडते. शेजारच्या दोन तालुक्यांच्या हद्दी वेगवेगळ्या सोप्या केल्या, तर मध्ये फटी पडतात आणि कोठे एकाची हद्द दुसऱ्यावर चढते. सामाईक हद्द एकदाच साठवावी, हा त्यावरचा उपाय तज्ज्ञांना ठाऊक आहे. पण जो वापरणार त्याला ठाऊक हवा ना!

अलीकडे आणखी एक पाऊल पुढे पडले आहे. जुने, हाताने काढलेले नकाशे संगणकाला दाखवून 'असे गाळायला शीक' म्हणून त्याला शिकवण्याचे प्रयोग चालू आहेत. ऐकायला हे छान वाटते; म्हातारा नकाशाकार आपली विद्या यंत्राला देऊन जातो आहे असे चित्र उभे राहते. परंतु त्याबरोबर त्याचे दुर्लक्षही यंत्राकडे जाणार, हे विसरता कामा नये. ज्या नकाशांवर पाडे कधी नव्हतेच, त्यांवरून शिकलेले यंत्र पाडे गाळणे हाच नियम समजेल. काल माणसाने केलेली उपेक्षा उद्या शास्त्र म्हणून मिरवील.

तर मग काहीच गाळू नये काय? असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. सारे काही दाखवणारा नकाशा जमिनीएवढाच मोठा करावा लागेल, आणि तो घडी घालून खिशात ठेवता येणार नाही. गाळल्याशिवाय ज्ञान होत नाही. इतिहासकार गाळतो, कादंबरीकार गाळतो, परीक्षेत उत्तर लिहिणारा विद्यार्थीही गाळतो. प्रश्न गाळण्याचा नाही, विवेकाचा आहे. आणि विवेकाने गाळणे म्हणजे काय, ह्याचा उत्तम नमुना आपल्या गोदाघाटावरच उभा आहे. तो म्हणजे दुतोंड्या मारुती. पूर आला की नाशिककर विचारतो, 'पाणी मारुतीच्या कोठवर आले?' गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत. एवढ्या उत्तरावर बाजारपेठेतला दुकानदार ठरवतो की माल हलवायचा की नाही. धरणातून किती क्युसेक सुटले, कोणत्या ओढ्याने किती पाणी आणले, हा सारा तपशील गाळून एका मूर्तीच्या उंचीत पुराचे सार आणले आहे. हेही सामान्यीकरणच! पण ते ज्यांच्यावर पूर येतो त्यांनी केलेले आहे, माप सर्वांच्या डोळ्यांसमोर उघडे आहे, आणि ते कशासाठी आहे हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. संगणकाच्या नकाशाकडून मी ह्याहून अधिक काही मागत नाही.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली: लोकांच्या जमिनीशी, घराशी, शाळेशी वा पाण्याशी ज्याचा संबंध आहे अशा प्रत्येक नकाशावर प्रमाणाबरोबर त्याची रीत आणि सूटही छापावी. औषधाच्या बाटलीवर आतले घटक लिहितात, मग नकाशावर का नको? दुसरी: सोपा केलेला नकाशा पाहण्यापुरता, निर्णय घ्यायचा तो मूळ, न गाळलेल्या नोंदीवरून. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: काय गाळायचे हे ठरवताना त्या मुलखाची माहिती असणारा माणूस तेथे हजर हवा.

हा माणूस कोठून आणायचा? येथेच आपल्यासारख्या कलामहाविद्यालयाचा संबंध येतो. संगणक म्हटला की तो विज्ञान आणि अभियांत्रिकीवाल्यांचा, अशी आपली समजूत झाली आहे. पण सुतळी कशी ताणायची हे अभियंता सांगेल. कोणत्या वळणावर खुंटी ठोकलीच पाहिजे, हे सांगायला इतिहास, लोकजीवन, भाषा आणि भूगोल जाणणारा हवा. पाड्याचे लोकांच्या तोंडचे नाव कोणते आणि कागदावरचे कोणते, कोणता ओढा पावसात वाट अडवतो, कोणत्या टेकडीला गावाचा देव आहे, हे उपग्रहाला वरून दिसत नाही. तेथे पायी जाऊन, माणसांशी बोलूनच ते कळते. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे तयार करण्यावरील पुष्कळशी बंधने सैल केली. नकाशा काढण्यासाठी पूर्वी लागणाऱ्या परवानग्यांचा अडसर भारतीय नागरिकांपुरता बहुतांशी दूर झाला. साधने मोफत आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी आपण दरवर्षी एखाद्या गावात जातोच. बंधारे बांधतो, रस्ते झाडतो. त्याचबरोबर त्या गावाच्या पाड्यांचा, वाटांचा, पाणवठ्यांचा नकाशा तेथील लोकांना बरोबर घेऊन केला तर? दहा वर्षांत दहा गावांचे असे नकाशे आपल्या भूगोल विभागात जमतील. सहलीच्या छायाचित्रांपेक्षा ते खचित अधिक मोलाचे ठरतील.

मोबाइलच्या पडद्यावर दोन बोटांनी नकाशा आकसताना एकामागून एक नावे नाहीशी होतात. आपल्याला त्याचे काहीच वाटत नाही, कारण आपले गाव बहुधा मोठे असते. ते शेवटपर्यंत टिकते. ज्यांची नावे आधी जातात, त्यांच्या वतीने 'हे का गाळले?' एवढा प्रश्न विचारण्याची सवय महाविद्यालयाने आपल्याला लावली, तरी पदवी सार्थकी लागली असे म्हणता येईल.